सुपडूचा अंदाज्या

भुसावळात मे महिन्यात कुणी "लॅपटॉप गोठतो" म्हणत दुकानात शिरलं, की मी आधी त्याला माठातलं पाणी पाजतो. बाहेर सत्तेचाळीस अंश असतात. दोन हजार चव्वेचाळीस साली तर एकोणपन्नास झाले होते. जामनेर रोडवरचं डांबर इतकं मऊ पडलं, की समोरच्या बेकरीवाल्याची स्कूटर चार दिवस तिथेच रुतून उभी राहिली, आणि पाचव्या दिवशी नगरपालिकेने तिच्याभोवती वाहतूक बेट बांधून टाकलं. असल्या गावात काही गोठत असेल तर ती बातमीच म्हणायची.

त्याच मे महिन्यातल्या एका बुधवारी सुपडू अत्तरदे काखेत लॅपटॉप मारून आला. सुपडू आणि मी एका शाळेचे. तो रेल्वेत गेला, एकतीस वर्षं इंजिनं चालवली, शेवटी मेल-एक्स्प्रेसचा लोको पायलट म्हणून निवृत्त झाला. मी लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान काढलं आणि अजून निवृत्त झालेलो नाही, कारण मला तसं कुणी सांगितलंच नाही.

"काय रे भो, काय झालं?"

"गेम खेळताना हँग होतो. मग बंद पडतो."

"तू? आणि गेम?"

"रेल्वेचा आहे. तेजू आणि मी खेळतो. रविवारी पाचला."

तेजल ही त्याची एकुलती मुलगी. नॉर्वेत ट्रोम्सोला माशांच्या शीतगृहात नोकरी करते. कोणती पेटी किती थंडीत किती दिवस टिकेल, हे बघणं तिचं काम. सुपडूची बायको कुसुम चार वर्षांपूर्वी गेली. तेजल तेराव्यापर्यंत राहिली आणि परत गेली. मग फोन सुरू झाले. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवले. ऊन आहे का?" "आहे." पहिल्या वर्षी एवढं बोलणं दहा मिनिटं पुरायचं. दुसऱ्या वर्षी तीन.

मग तेजलनेच हा गेम शोधून काढला. भुसावळ ते खंडवा, खरा मार्ग, खरी स्टेशनं, दुतर्फा केळीच्या बागा. सुपडू ड्रायव्हर, तेजल असिस्टंट. इंजिनात चालतं तसंच सगळं चालवायचं. पुढचा सिग्नल दिसला की असिस्टंटने हात करून मोठ्याने ओरडायचं, "होम सिग्नल, ग्रीन!" आणि ड्रायव्हरने तेच परत म्हणायचं, "होम सिग्नल, ग्रीन!" लहानपणी तेजल बापाच्या मांडीवर बसून, लाटणं हा ब्रेकचा दांडा समजून, हेच ओरडायची. आता एका सिग्नलला दोघांची दोन वाक्यं, आणि खंडव्यापर्यंत सिग्नलच सिग्नल. बोलायला विषय शोधावा लागत नाही.

"मग अडतं कुठे?"

"वीस मिनिटांनी चित्र थांबतं. आवाज लांबतो. मग सगळं काळं." त्याने मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. तेजलचा मेसेज होता: 'पप्पा, दर रविवारी अडकतंय. असंच होणार असेल तर राहू द्या आता. बंद करू.'

"बंद करू म्हणजे गेमच ना?"

सुपडूने मोबाइल खिशात ठेवला. "गेम सोडून दुसरं आहे काय आमच्यात?"

हे त्याने 'पंखा जरा कमी कर' म्हणावं तसं सांगितलं. आवाज हलला नाही, तोंडावरची रेघ हलली नाही. मी त्याला अजून एक ग्लास पाणी दिलं. तो प्यायला, कारण ग्लास हातात होता.

लॅपटॉप गोठतो तेव्हा दहातल्या सात वेळा गुन्हेगार धूळ असते. मी मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या तोंडाशी कापसाची गादी भरता येईल एवढा कचरा साचला होता. (असाच कचरा एका वर्षी मी कुंडीत घातला आणि त्यात मेथी लावली. चांगली आली. भाजीला जरा करंट यायचा.) प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली. सत्त्याण्णव अंशांवर जाणारं मशीन एकाहत्तरवर आलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकला, मेमरी दोनदा तपासली, मागे गुपचूप चालणारे नऊ प्रोग्रॅम बंद केले. मग गुरुवारी दुकानातच तो रेल्वेचा गेम सलग तीन तास एकट्याने चालवला. मी बऱ्हाणपूरला प्लॅटफॉर्म सोडून अर्धा किलोमीटर पुढे गाडी उभी केली, पण लॅपटॉप एकदाही अडकला नाही.

शुक्रवारी मशीन सुपडूच्या हवाली केलं. "घे. आता तुझी गाडी थेट इटारसीला जाईल."

"बरं," तो म्हणाला.

सोमवारी तो परत दारात उभा.

"पाच वाजून वीस मिनिटं," तो म्हणाला. "परत."

"गेल्या वेळी?"

"पाच-एकोणीस. त्याच्या आधी पाच-वीस." आयुष्यभर वेळापत्रकावर जगलेला माणूस, मिनिटं त्याला लिहून ठेवावी लागत नाहीत. "तेजूचा मेसेज आला. पुढच्या रविवारी शेवटचं बघू म्हणते."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. उन्हाने बंद पडणारं मशीन लहरी असतं. कधी दहा मिनिटांत मान टाकतं, कधी पन्नास मिनिटं तग धरतं. दर रविवारी एकाच मिनिटाला मरणारं मशीन उन्हाने मरत नसतं. आत काहीतरी भरत जातं, आणि भरायला बरोबर तेवढाच वेळ लागतो. पण काय भरतंय? आणि माझ्याकडे तीन तासांत का भरलं नाही?

"तू जा," मी म्हटलं. "मशीन राहू दे."

इथे अंदाज्याबद्दल सांगायला हवं.

दोन माणसं दोन गावांतून एकच गेम खेळतात तेव्हा एकाने दाबलेलं बटण दुसऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. भुसावळहून ट्रोम्सोला तर बराच. पूर्वी तेवढा वेळ गाडी अडखळायची. मग कंपन्यांनी एक चिप काढली. कंपनीने तिचं नाव भारदस्त ठेवलं होतं, आमच्या बाजारात सगळे तिला अंदाज्या म्हणत. ही चिप तुमच्या हातावर लक्ष ठेवते. तुम्ही कधी काय दाबता, किती जोरात, काय बोलता, कोणत्या सुरात, हे महिन्या-दोन महिन्यांत शिकते. मग मधल्या अर्ध्या सेकंदाच्या फटीत तुमच्या वतीने तीच दाबते. खरं बटण मागून पोहोचलं की ताडून बघते. जमलं असेल तर 'खरं' असा शिक्का मारते, चुकलं असेल तर डोळ्याला कळायच्या आत दुरुस्त करते. शिक्का बसेपर्यंत तो अंदाज मेमरीत नुसता थांबून राहतो. एवढंच.

सुरुवातीला अर्ध्या सेकंदाची मर्यादा होती. मग लोक म्हणाले, दारावर कुणी आलं तर? मर्यादा पाच सेकंद झाली. मग म्हणाले, दूध उतू गेलं तर? पुढे कंपनीने मर्यादाच काढून टाकली आणि जाहिरातीत लिहिलं, 'तुम्ही असा किंवा नसा.' रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचं सांगतात, की तो पत्त्यांचा गेम खेळता खेळता बसल्या जागी गेला. अंदाज्या अकरा दिवस खेळत राहिला आणि तालुक्यात तिसरा आला. घरचे रोज ताट आत नेऊन ठेवत होते. बक्षीस घ्यायला तो उठेना तेव्हा कळलं. यात मी एक अक्षर खोटं सांगत असेन तर तो चौथा आला असेल.

माझ्या दुकानात गेम गोठला नाही, कारण मी एकटा खेळलो. पलीकडे कुणाच्या शिक्क्याची वाट बघायची नव्हती. मी सुपडूच्या मशीनमधली रविवारची नोंद बाहेर काढली. प्रत्येक बटणापुढे आणि प्रत्येक हाकेपुढे एक शब्द होता, 'खरं' किंवा 'अंदाज'. डावीकडे सुपडू, उजवीकडे तेजल.

पाच वाजता दोन्हीकडे खरं, खरं, खरं. पाच-एकला तेजलचं शेवटचं 'खरं'. त्यानंतर तिच्या बाजूला अंदाज. पाच-तीनला सुपडूचं शेवटचं 'खरं'. त्यानंतर त्याच्याही बाजूला अंदाज. अंदाज, अंदाज, अंदाज, पानामागून पानं. सावदा गेलं, निंभोरा गेलं, हाका चालू, प्रतिसाद चालू, एक सिग्नल चुकला नाही.

सरकारी कचेरीत दोन बाबू समोरासमोर बसावेत, दोघांनीही फाइलवर 'मान्यतेस्तव सादर' एवढंच लिहून ती समोरच्याकडे सरकवत राहावं आणि साहेब मुळात हजरच नसावा, तसं चाललं होतं. इकडचा अंदाज्या तिकडच्या खऱ्या बटणाची वाट बघतोय, तिकडचा इकडच्या. शिक्का मारायला कुणीच नाही. बिनशिक्क्याचे अंदाज साचत जातात, सतरा मिनिटांत मेमरी तुडुंब भरते, आणि पाच-वीसला मशीन मान टाकतं.

मी मागच्या नोंदी चाळल्या. दिवाळीपर्यंत मागे गेलो. प्रत्येक रविवार तसाच होता. एवढंच, की दिवाळीच्या सुमाराला 'खरं' बारा-पंधरा मिनिटं टिकायचं. मग ते थोडं थोडं कमी होत आलं होतं.

मंगळवारी दुपारी मी तेजलला व्हिडिओ फोन लावला. ती शीतगृहाच्या बाहेर उभी होती. पापण्यांवर बर्फाचे कण होते. माझ्या बनियनवर घामाचं मिठागर झालं होतं.

"वामनकाका! पप्पा ठीक आहेत ना?"

"तो ठीक आहे. तू रविवारी खेळताना काय करत असतेस?"

"खेळत असते."

"तेजल, मी दुरुस्तीवाला आहे. मला पेशंटने खरं सांगायचं असतं."

तिने पापण्यांवरचा बर्फ पुसला. "कपड्यांच्या घड्या करते," ती म्हणाली. "कधी नुसती पडून असते. मशीन उघडं असतं बाजूला. आवाज येत असतो पप्पांचा, तेवढं बरं वाटतं."

"भांडण झालंय का काही?"

"नाही हो. काहीच झालं नाही. तेच तर, काका. काहीच होत नाही. आधी वाईट वाटायचं, की ते तिथे एवढ्या मनापासून खेळतात आणि मी इथे मोजे जोडत बसते. मग तेही वाटायचं बंद झालं. म्हणून म्हटलं, बंद करू. त्यांना फसवल्यासारखं होतं."

"तो फसत नव्हता," मी म्हटलं. "तोही नव्हता तिथे."

"म्हणजे?"

"पाच-तीननंतर त्याने एकही बटण दाबलेलं नाही. दिवाळीपासून थोडं थोडं असंच होत आलंय."

ती हसली. मग हसू तिथेच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "मग माझ्याशी कोण बोलत होतं?"

"त्याचा अंदाज्या."

"आणि त्याच्याशी?"

"तुझा."

मागे कुणीतरी नॉर्वेजियनमध्ये तिला हाक मारली. तिने हाताने थांब म्हटलं. "दुरुस्त होतं का ते?"

"होतं. एका जागी खूण करायची, की अंदाजालाच खरं धर. मग मेमरी भरत नाही. तुम्ही दोघं असा-नसा, गाडी जन्मभर खंडव्याला जाईल."

"मग करून टाका ना," ती म्हणाली. अगदी सरळ. पेटी कोणत्या फळीवर ठेवायची, ते सांगावं तशी.

"त्याला विचारून करतो."

"त्यांना सांगणार तुम्ही?"

पन्नास वर्षं मी गावाला थापा मारत आलोय. ही एक थाप मारायला काही हरकत नव्हती. चिप जळाली, बदलली, झालं. "सांगावं लागेल," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

रविवारी सव्वाचारला लॅपटॉप घेऊन सुपडूच्या घरी गेलो. कूलर घरघरत होता. सुपडू टेबलापाशी बसला होता, आणि पायात बूट होते. घरात, पॉलिश केलेले काळे बूट, नाड्या बांधलेल्या. ड्यूटीवर चप्पल चालत नाही, म्हणून दर रविवारी तो बूट घालून खेळायला बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी नोंदीचे कागद त्याच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. तो बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेला.

"हे माझं?"

"तुझं."

"पाच-तीननंतर मी काहीच दाबलं नाही?"

"नाही."

"मी इथेच असतो, वामन. खुर्ची सोडत नाही. हात बटणांवर असतात."

"असतील."

"सिग्नल म्हणत असतो."

"आवाज तुझा आहे. म्हणतो तो."

"मग मी काय करत असतो?"

 त्याने उजवीकडच्या रकान्यावर बोट नेलं. "आणि तेजूचं हे असं." त्याने बोट खालपर्यंत ओढलं. "तिची एकही हाक राहिली नाही रे. एकही चुकली नाही. हाक बरोबर आली म्हणजे शेजारचा जागा आहे, असंच धरायचं असतं. एकतीस वर्षं मी तसंच धरलं. मान वळवून बघायचं नसतं शेजारी. नजर पुढे ठेवायची."

"मला ठाऊक आहे."

"तुला काय ठाऊक? तुझ्या दुकानाला चाकं आहेत का?" तो म्हणाला. त्या महिन्यात त्याने मला मारलेला तो पहिला टोमणा. पण तोंड तसंच होतं, पुसलेल्या पाटीसारखं.

मी दोन्ही वाटा सांगितल्या. खूण करायची, मग कधीच अडकणार नाही. नाहीतर अंदाज्या काढून टाकायचा, मग जे हाताने होईल तेवढंच होईल. उशिरा पोहोचेल, तुटक पोहोचेल.

"तेजू काय म्हणाली?"

"खूण करा म्हणाली."

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. पाचला दहा कमी होते. "बोल लवकर," मी म्हटलं. "तुझी गाडी लेट होईल."

"काढ," तो म्हणाला.

मी त्याच्या बाजूचा अंदाज्या बंद केला आणि तेजलला मेसेज टाकला: 'पप्पांनी त्यांच्या बाजूचा काढायला लावला. तुझ्या बाजूचं तू ठरव.' तिने वाचल्याच्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

बरोबर पाचला, गाडी सोडायच्या सिग्नलवर, तिचा आवाज आला. "स्टार्टर, ग्रीन!"

"स्टार्टर, ग्रीन," सुपडू म्हणाला. गाडी सुटली. लगेच त्याने मला हळूच विचारलं, "ती आहे, की तो?"

"आवाजावरून नाही कळत."

"मग?"

"संपल्यावर नोंद बघू."

सुपडू वाईट चालवत होता. एवढा नावाजलेला ड्रायव्हर, पण वेग शंभरवर जायचा, घाबरून सत्तरवर यायचा. दुसखेड्याच्या आधी ब्रेक इतका उशिरा लावला, की आत माणसं बसलेली असती तर एकमेकांच्या डब्यात गेली असती. बोटं बटणं शोधत होती. कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात शिरत होता. हाका मात्र वेळेवर येत होत्या, तिच्या, एकसारख्या. तो प्रत्येकीला उत्तर देत होता. मी कान देऊन ऐकत होतो आणि मला काही म्हणजे काही उमगत नव्हतं.

पाच-वीस झाले. चित्र थांबलं नाही. माझं काम तिथे संपलं होतं. पिशवी उचलून निघायला हरकत नव्हती. मी बसून राहिलो.

निंभोरा मागे पडलं. केळीच्या बागा सुरू झाल्या. लांबवर रावेरची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलचा पिवळा ठिपका दिसला.

"रावेर डिस्टंट, यलो!"

सुपडू काही बोलला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तोंड अर्धवट उघडं होतं. हात बटणांवर होते, पण कुणीतरी काढून ठेवल्यासारखे. नजर पडद्यावर होती आणि पडद्यावर नव्हती. दिवाळीपासून दर रविवारी तो असाच बसत असणार. गाडी एकशेपाचने धावत होती. पिवळ्याच्या पुढे लाल असतो, एवढं मलाही कळतं. त्याचा खांदा हलवावा असं मनात आलं, पण इंजिनात तिसऱ्या माणसाला जागा नसते.

तीन सेकंद गेले. चार.

"रावेर डिस्टंट, यलो!" पुन्हा तीच हाक, जरा चढ्या आवाजात.

आणि मग पडद्यातून एक लांब फुस्स असा आवाज आला. वेगाचा आकडा कोसळायला लागला. एकशेपाच, ऐंशी, चाळीस, दहा, शून्य.

"अडकलं परत," मी म्हटलं.

"नाही." सुपडूचे डोळे हलले. तो पुढे वाकला. केळीची पानं वाऱ्यावर हलत होती, खांबावर एक पाखरू येऊन बसलं, ढग सरकत होते. सगळं चालू होतं, फक्त गाडी उभी होती. "इमर्जन्सी ब्रेक आहे हा. मी नाही मारला." त्याने स्वतःचे हात उचलून मला दाखवले. "ड्रायव्हर बोलला नाही तर असिस्टंटने एकदा परत ओरडायचं. तरी बोलला नाही, तर विचारत बसायचं नाही. गाडी उभी करायची. नियम आहे."

"तेजलने कधी असा ब्रेक मारलाय?"

"कशाला मारेल? मी कधी उत्तर चुकवलंच नाही."

मी खुर्चीत मागे टेकलो. अंदाज्या पाहिलेलंच करतो. तिच्या हाताने कधी न केलेली गोष्ट तो कुठून शिकणार? तिच्या अंदाज्याने पुढच्या सिग्नलची हाक दिली असती, त्याच्या पुढच्याची दिली असती, आणि गाडी लालमधून शांतपणे आत घातली असती.

"सुपडू," मी म्हटलं, "ती आहे."

तो माझ्याकडे वळला नाही. स्पीकरमधून खरखर आली, तुटक, आणि मग आवाज.

"पप्पा?"

"हं."

रविवार संध्याकाळची लाइन तुंबलेली, बोललेलं तिकडे पोहोचून परत यायला आता चार-चार सेकंद लागत होते. गुळगुळीत करायला मध्ये कुणी नव्हतं.

"उत्तर का दिलं नाही?"

सुपडू ताठ बसला. गाडी मध्येच थांबली की कारण सांगावंच लागतं. त्याने घसा साफ केला. "ड्रायव्हर जागेवर नव्हता."

एक, दोन, तीन, चार.

"कधीपासून?"

"माहीत नाही. दिवाळी म्हणतो वामन. मला वाटतं, त्याच्याही आधीपासून."

या वेळी चारापेक्षा जास्त सेकंद गेले. मी मोजायचं सोडून दिलं.

"मीपण नव्हते," ती म्हणाली. "मला चिडायलासुद्धा येत नाहीये, पप्पा. तुमच्यावर किंवा कशावर."

"मलापण काही होत नाहीये," सुपडू म्हणाला. "होईल, असं वाटलं होतं."

"आत्ता ब्रेक मी दोन्ही हातांनी दाबला. तेवढंच."

"लागला बरोबर. जागच्या जागी थांबली गाडी."

 कूलरची घरघर, लॅपटॉपचा पंखा. रडायला कुणालाच जमत नव्हतं आणि गेम बंद करायलाही. मी माझी पिशवी उचलली, तशीच परत खाली ठेवली. झिपचा आवाज मोठा वाटला.

"तेजू," सुपडू शेवटी म्हणाला. "तू बंद करू म्हणाली होतीस."

"हो."

"मग?"

खरखर झाली. वाटलं, गेली. मग तिचा आवाज आला, अर्धा तुटलेला, पण कळण्याइतका.

"गाडी दोन स्टेशनांच्या मधे उभी आहे, पप्पा. अशी सोडून कशी जाऊ?"

सुपडूने मान हलवली. कॅमेरा नव्हता, तिला ती दिसणार नव्हती. हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग तो पडद्याच्या अगदी जवळ गेला आणि मोठ्याने म्हणाला,

"नाही जाता येत."